एकाच डायटमवर पोसलेल्या कोपेपॉडची अंडी का उबत नाहीत?

प्रश्न – खाडीकाठ

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यात सागरी माशांच्या बीजोत्पादनाचे काम करतो. माशांच्या अळ्यांना पहिला जिवंत आहार म्हणून कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी प्लवक प्राण्याचे नॉप्लियस (अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली पिल्ले) देता यावेत, यासाठी खाडीतून आणलेल्या अकार्टिया या कोपेपॉडचे संवर्धन सध्या चालू आहे. रोटिफर आणि आर्टेमिया हे नेहमीच्या वापरातले सूक्ष्म प्राणी सहज मिळतात हे खरे; परंतु काही माशांच्या अळ्यांचे तोंड सुरुवातीला इतके लहान असते की आर्टेमियाचा नॉप्लियस त्यांना गिळता येत नाही, आणि रोटिफर देण्याआधी त्यांना मेदाम्लांचे मिश्रण खाऊ घालून समृद्ध करावे लागते. कोपेपॉडच्या नॉप्लियसच्या बाबतीत या दोन्ही अडचणी उद्भवत नाहीत, म्हणून हा खटाटोप.

माद्यांचे दोन गट करून एका गटाला मी आमच्याच खाडीच्या पाण्यातून वेगळे काढून वाढवलेले स्केलेटोनीमा हे डायटम (सिलिकाचे कवच असलेले एकपेशीय शैवाल) देत आहे आणि दुसऱ्याला आयसोक्रायसिस हे डायटम नसलेले सूक्ष्म शैवाल. स्केलेटोनीमा खाणाऱ्या माद्यांचे आतडे सूक्ष्मदर्शकाखाली कायम भरलेले दिसते, विष्ठेच्या गोळ्या भरपूर पडतात आणि अंडीही चांगली मिळतात. मात्र दिवस जातील तसे त्या अंड्यांतून बाहेर येणाऱ्या नॉप्लियसचे प्रमाण घटत जाते, आणि जे बाहेर येतात त्यांतले काही वेडेवाकडे, नीट पोहू न शकणारे असतात. आयसोक्रायसिसच्या गटात अंडी तुलनेने कमी, पण त्यांतली बहुतेक उबतात.

डायटम म्हणजे समुद्रातले उत्तम अन्न, असेच आम्हाला शिकवले गेले. पावसाळा संपताना खाडीचे पाणी तपकिरी दिसू लागते तेव्हा त्यात डायटमच डायटम असतात, आणि त्याच सुमारास कोपेपॉडही विपुल सापडतात. मग हा परिणाम डायटममधल्या एखाद्या घातक द्रव्याचा समजावा, की एकाच प्रकारच्या अन्नामुळे आलेल्या उणिवेचा? या दोन शक्यता वेगळ्या करण्यासाठी कोणता प्रयोग करावा? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ – सागरतळ

आपण पाहिलेली गोष्ट सागरी जीवशास्त्रातल्या एका जुन्या आणि अजूनही पूर्णपणे न मिटलेल्या वादाच्या मध्यभागी आहे, त्यामुळे थोडे मागून सांगतो.

डायटम, त्यांना खाणारे कोपेपॉड आणि कोपेपॉडना खाणारे मासे ही साखळी विसाव्या शतकात बहुतेक सर्वांनी गृहीत धरली होती. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समधील सर्ज पुले आणि नेपल्सच्या सागरी जीवशास्त्र संस्थेतील एड्रियाना इयानोरा व अँटोनिओ मिराल्टो यांच्या लक्षात आले की, ज्या माद्या केवळ डायटमवर ठेवल्या जातात त्यांच्या अंड्यांतील गर्भाची वाढ मध्येच थांबते. प्रोरोसेंट्रमसारख्या डायनोफ्लॅजेलेटवर (चाबकासारख्या तंतूंनी पोहणाऱ्या एकपेशीय जीवावर) ठेवलेल्या माद्यांमध्ये तसे होत नाही. शिवाय डायटम बंद करून त्याच माद्यांना पुन्हा डायनोफ्लॅजेलेट दिले, तर अंडी परत उबू लागतात. १९९७ मध्ये १२ देशांतल्या १५ प्रयोगशाळांनी मिळून कोपेपॉड आणि डायटम यांच्या अनेक जोड्या तपासल्या, आणि बहुतेक जोड्यांमध्ये एक तर अंड्यांची संख्या घटली किंवा उबण्याचे प्रमाण घटले. त्यानंतर १९९९ मध्ये मिराल्टो आणि सहकाऱ्यांनी डायटममधून तीन आल्डिहाइडे वेगळी काढून दाखवली, जी गर्भातील पेशींचे विभाजन रोखतात. त्याच शोधनिबंधात एड्रियाटिक समुद्रातले निरीक्षणही आहे: डायटमचा बहर जोरात असताना तिथल्या कोपेपॉडची केवळ १२ टक्के अंडी उबली, तर बहर ओसरल्यावर ९० टक्के.

यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब अशी की, हे आल्डिहाइड अखंड पेशीत साठवलेले नसते. गेओर्ग पोनर्ट यांनी २००० मध्ये दाखवले की डायटमची पेशी फुटल्यावर काही सेकंदांतच विकरे कामाला लागतात, पेशीपटलातील मेदांपासून बहु-असंतृप्त मेदाम्ले सुटी होतात आणि त्यांचे विघटन होऊन आल्डिहाइडे तयार होतात. म्हणजे मादीने पेशी चावली की मगच हे द्रव्य निर्माण होते. तोपर्यंत तिला त्या अन्नात वावगे काही जाणवण्याचे कारण नाही, आणि गिळल्यावरही तिच्या स्वतःच्या जिवाला तात्काळ धोका नसतो. हानी होते ती तिच्या पोटी येणाऱ्या पिढीची. आपल्या माद्यांची आतडी भरलेली आहेत, त्या भरपूर खात आहेत आणि अंडीही घालत आहेत, ही निरीक्षणे म्हणूनच या स्पष्टीकरणाशी तंतोतंत जुळतात. दिवसागणिक प्रमाण घटत जाणे आणि नॉप्लियसमध्ये व्यंग दिसणे, ही दोन्ही लक्षणे नेपल्सच्या प्रयोगांत वारंवार नोंदलेली आहेत.

स्केलेटोनीमा हे या बाबतीत विशेष बदनाम डायटम आहे. तरीही सगळ्याच डायटमना एका माळेत ओवू नये. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक पाहणीत तपासलेल्या प्रजातींपैकी एक-तृतीयांशाहून किंचित अधिक प्रजातींमध्येच पेशी फुटल्यावर ही आल्डिहाइडे आढळली. एकाच प्रजातीच्या दोन वाणांतही फरक असतो, आणि संवर्धन जुने होऊन त्याची वाढ मंदावली की त्यातले प्रमाण बदलते. आपण डायटम कोणत्या अवस्थेत काढून देता, हे नोंदवहीत अवश्य लिहीत जा.

माझे मत विचाराल तर, आपल्या गटात जे घडते आहे त्यामागे घातक द्रव्याचाच हात असावा.

उत्तर २ – तिसरापाळी

सागरतळ यांनी दिलेला इतिहास योग्य आहे, परंतु निष्कर्षाची घाई करू नये असे मला वाटते, कारण खाडीकाठ यांनी वर्णन केलेली जवळजवळ सर्व लक्षणे पोषणातील उणिवेनेही स्पष्ट होऊ शकतात.

मादी किती अंडी घालते आणि त्या अंड्यांचे पुढे काय होते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अंड्यांची संख्या प्रामुख्याने मादीने किती कार्बन आणि नायट्रोजन पचवला यावर अवलंबून असते. अंड्यातला गर्भ मात्र आईने बलकात घातलेल्या काही ठरावीक रेणूंवाचून पुढे सरकत नाही. त्यांतली दोन मेदाम्ले सर्वांत परिचित आहेत, ईपीए आणि डीएचए. ही लांब साखळीची मेदाम्ले कोपेपॉडना स्वतःच्या शरीरात गरजेइतकी बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. तिसरा घटक स्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या वर्गातले मेद. कवचधारी प्राण्यांना स्टेरॉल मुळीच तयार करता येत नाही. आता या दृष्टीने आपले दोन आहार पाहा. डायटममध्ये ईपीए भरपूर, पण डीएचए अगदी थोडे. आयसोक्रायसिसमध्ये नेमके उलट, डीएचए भरपूर आणि ईपीए नाममात्र. म्हणजे आपल्या दोन गटांमध्ये केवळ ‘घातक’ आणि ‘निर्धोक’ असा भेद नाही; पोषणाचा पायाच दोन्हीकडे वेगळा आहे, आणि अशा तुलनेतून कारण हाती लागत नाही.

डेन्मार्कमध्ये अकार्टिया टोन्सा या प्रजातीवर दीर्घकाळ काम झाले आहे. तिथे रोडोमोनास या शैवालावर माद्या उत्तम अंडी देतात, कारण त्यात ईपीए आणि डीएचए दोन्ही असतात. तर ड्युनालिएलावर, ज्यात यांपैकी एकही नाही, अंड्यांचे उत्पादन खालावते. ड्युनालिएला विषारी असल्याचे कोणीही म्हणत नाही. तिथे जे घडते ते निव्वळ उणिवेमुळे.

याच ड्युनालिएलासंबंधीचा एक प्रयोग मला या विषयातला सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो. १९९९ मध्ये नेदरलँड्समधील क्लाइन ब्रेटेलर आणि सहकाऱ्यांनी ड्युनालिएला थेट कोपेपॉडना न देता आधी ऑक्सिरिस मरिना या भक्षक डायनोफ्लॅजेलेटला खाऊ घातले, आणि मग तो ऑक्सिरिस कोपेपॉडना दिला. मूळ शैवालावर न वाढणारे टेमोरा आणि स्यूडोकॅलॅनस हे कोपेपॉड या मधल्या पायरीनंतर व्यवस्थित वाढले, कारण ऑक्सिरिसने आपल्या शरीरात लांब साखळीची मेदाम्ले आणि आवश्यक स्टेरॉल तयार केली होती. साखळीत एक पायरी वाढली की ऊर्जा कमी होते हे आपण शाळेपासून शिकतो; अन्नाचा दर्जा मात्र त्याच पायरीवर सुधारू शकतो, हे या प्रयोगाने दाखवले.

खाण्याविषयीही दोन शब्द लिहायला हवेत, कारण आहाराचा परिणाम तिथूनच सुरू होतो. कोपेपॉड मुखाजवळच्या केसाळ अवयवांनी पाणी निव्वळ गाळून घेतो, ही समजूत १९८०च्या सुमारास अतिवेगवान चित्रीकरणाने मोडीत काढली. इतक्या लहान आकाराच्या प्राण्याला पाणी मधासारखे दाट लागते; तो कणासकट पाण्याचा एक लहानसा भाग अवयवांनी पकडतो, आणि कण गिळायचा की फेकायचा हे ठरवतो. हा निर्णय आकारावर तर असतोच, शिवाय रासायनिक चवीवरही असतो: १९७८ मध्ये सूक्ष्म कृत्रिम गोळ्यांत शैवालाचा अर्क भरून दिल्यावर कोपेपॉडनी अर्क असलेल्या गोळ्या बिनअर्काच्या गोळ्यांपेक्षा अधिक खाल्ल्या होत्या. अकार्टियाची तर खाण्याची तऱ्हाच अन्नाप्रमाणे बदलते. न हलणाऱ्या डायटमसाठी तो पाण्याचा प्रवाह निर्माण करून कण ओढून घेतो, आणि पोहणारे सिलिएट (अंगावर केसासारखे तंतू असलेले एकपेशीय जीव) दिसू लागले की स्तब्ध राहून, त्यांची हालचाल टिपून झडप घालतो. अन्न नायट्रोजनमध्ये कमी पडले तर तो अधिक प्रमाणात खाऊन ती तूट भरून काढण्याचाही प्रयत्न करतो. म्हणून भरलेले आतडे हे चांगल्या पोषणाचे चिन्ह मानू नये. ते कित्येकदा निकृष्ट अन्नाचेही चिन्ह असते.

आता आपण मागितलेला प्रयोग. एका गटाला शंभर टक्के स्केलेटोनीमा, दुसऱ्याला शंभर टक्के रोडोमोनास (न मिळाल्यास आयसोक्रायसिस आणि ईपीए पुरवणारे एखादे निर्धोक शैवाल यांचे मिश्रण), आणि तिसऱ्या गटाला दोन्ही निम्मे-निम्मे, मात्र एकूण कार्बन तिन्हीकडे सारखा. केवळ उणीव असेल, तर चांगल्या शैवालाचा अर्धा वाटा ती बहुतांशी भरून काढील आणि तिसरा गट दुसऱ्याच्या जवळ जाईल. घातक द्रव्य असेल, तर चांगले अन्न सोबत असूनही स्केलेटोनीमाच्या वाट्याइतकी हानी दिसत राहील. याच्या जोडीला आल्डिहाइड न बनवणारे एखादे डायटम चौथ्या गटाला द्या. त्यावरही अंडी उबली नाहीत, तर आल्डिहाइडचा मुद्दा आपोआप मागे पडतो.

खाडीकाठ (प्रश्नकर्ता)

दोघांचेही मनापासून आभार. मिश्र आहाराचा गट लगेच सुरू करता येईल. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आमच्याकडे नॅनोक्लोरोप्सिस हे सूक्ष्म शैवाल कायम उपलब्ध असते आणि त्यात ईपीए चांगले असते, तर मिश्रणात ते चालेल का? आणि अंडी मोजण्याच्या माझ्या पद्धतीमुळे आकडे चुकीचे येत असण्याची शक्यता किती? माद्या, अंडी आणि डायटम एकाच चंचुपात्रात असतात आणि मी रोज तळातून अंडी गोळा करतो.

उत्तर ३ – भरतीरेषा

नॅनोक्लोरोप्सिसचे उत्तर सोपे आहे. त्याची पेशी दोन ते चार मायक्रॉनची, म्हणजे अकार्टिया टोन्सा पकडू शकतो त्या आकाराच्या अगदी खालच्या सीमेवर. या प्रजातीवरील डॅनिश मोजमापांनुसार खाऊ लागलेल्या नॉप्लियसला साधारण ७ मायक्रॉनचे कण सर्वांत मानवतात आणि प्रौढांना १४ ते ७० मायक्रॉनचे. पेशी पाण्यात असूनही मादीच्या पोटात पुरेशा जाणार नाहीत. ईपीएसाठी कीटोसेरॉस किंवा थॅलॅसिओसिरा वेइसफ्लोगी या डायटमचा विचार करा.

मोजणीच्या पद्धतीविषयी मात्र मला अधिक लिहावेसे वाटते, कारण विष की उणीव हा प्रश्न विचारण्याआधी इतर काही कारणे दूर करावी लागतात.

अकार्टिया अंड्यांची पिशवी बाळगत नाही. अंडी पाण्यात सोडतो आणि ती तळाशी बसतात. तळाशी डायटमचा थर आणि विष्ठेच्या गोळ्या साचलेल्या असतात, ते कुजू लागले की तिथला प्राणवायू संपतो, आणि प्राणवायूविना अकार्टियाची अंडी उबत नाहीत. ती मेलेली असतीलच असेही नाही. पाणी बदलल्यावर त्यांतली कित्येक पुन्हा वाढू लागतात. डायटमच्या गटात तळाशी साचणारा गाळ आयसोक्रायसिसच्या गटापेक्षा बराच जास्त असणार, कारण आयसोक्रायसिस पोहणारे आहे आणि स्केलेटोनीमाच्या साखळ्या खाली बसतात. म्हणजे केवळ भांड्याच्या रचनेमुळेही दोन गटांत फरक दिसू शकतो.

दुसरे, प्रौढ अकार्टिया स्वतःची अंडी आणि नॉप्लियस खातो. ज्या भांड्यात अन्न त्याच्या पसंतीचे नाही, तिथे हे अधिक घडेल. उपाय एकच आणि तो फार खर्चिक नाही: जाळीचा तळ असलेला दंडगोल मोठ्या भांड्यात टांगून माद्या त्यात ठेवायच्या. अकार्टियाच्या अंड्याचा व्यास साधारण ८० मायक्रॉन असतो, तेव्हा अंडी सहज निसटून खाली जातील पण माद्या वर राहतील, अशी जाळी निवडावी. खाली पडलेली अंडी काढून, गाळलेल्या स्वच्छ समुद्रपाण्यात, उथळ बशीत वेगळी उबवावीत. आपल्याकडच्या उष्ण पाण्यात दोन दिवस वाट पाहणे पुरेसे आहे. त्यानंतर नॉप्लियस, रिकामी कवचे आणि न उबलेली अंडी तिन्ही मोजावीत, म्हणजे हिशेब जुळतो की नाही ते कळते.

तिसरे कारण बहुधा कोणाच्या ध्यानात येत नाही. अकार्टिया टोन्साच्या माद्यांना फलित अंडी देत राहण्यासाठी पुन्हा पुन्हा समागम करावा लागतो. आपल्या गटांत नर आहेत का? नसतील, किंवा मरत गेले असतील, तर दिवस जातील तसे उबण्याचे प्रमाण घटत जाणारच, मग आहार कोणताही असो. सर्व गटांत नरांचे प्रमाण सारखे ठेवून आणि मेलेले नर बदलून हा मुद्दा निकालात काढा.

आणखी एक लहानशी सूचना. अकार्टिया अंगात मेदाचा फारसा साठा करीत नाही, आज खाल्लेले अन्न त्याच्या अंड्यांत अवघ्या नऊ-दहा तासांत उतरते. तरीही नव्या आहारावर हलवल्यानंतरच्या पहिल्या दिवसाची अंडी हिशेबात धरू नयेत, कारण त्यांत आधीच्या अन्नाचा अंश असतो. उत्तरेकडच्या थंड समुद्रांतील कॅलॅनससारख्या मेद साठवणाऱ्या कोपेपॉडवरील निष्कर्ष आपल्या प्राण्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत, त्याचे एक कारण हेच. आर्क्टिकमधील कॅलॅनस हायपरबोरियस तर हिवाळ्यात, खोल पाण्यात, काहीही न खाता केवळ साठवलेल्या मेदावर अंडी घालतो. तिथे ‘आजचा आहार’ या शब्दाला अर्थच उरत नाही.

उत्तर ४ – दर्यावरचा वारा

मूळ प्रश्नातला एक भाग अजून अनुत्तरित आहे: डायटम इतके घातक असतील, तर डायटमने भरलेल्या खाडीत कोपेपॉड विपुल कसे?

हा आक्षेप शास्त्रज्ञांनीही घेतला होता. २००२ मध्ये शाबिएर इरिगोयेन आणि अनेक देशांतील सहकाऱ्यांनी जगातल्या १२ सागरी प्रदेशांतील नोंदी एकत्र केल्या. डायटमचे प्रमाण जास्त असलेल्या ठिकाणी अंडी कमी उबतात, असा संबंध त्यांना आढळला नाही. प्रयोगशाळेत मादीसमोर एकच शैवाल असते. समुद्रात तिच्यासमोर डायटम असतात, डायनोफ्लॅजेलेट असतात, सिलिएट असतात, कुजके कण असतात, आणि तिसरापाळी यांनी म्हटल्याप्रमाणे ती निवड करते. शिवाय समुद्रातल्या वनस्पतिप्लवकांच्या (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांच्या) रोजच्या उत्पादनापैकी सरासरी ६० ते ७० टक्के भाग कोपेपॉड खातच नाहीत, तो सूक्ष्म एकपेशीय भक्षक खातात. कोपेपॉडच्या आहाराचा मोठा भाग या भक्षकांमार्फत, दर्जा सुधारूनच येतो.

आपल्या अरबी समुद्रात याचे फार बोलके उदाहरण आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोल पाणी वर येऊन आणि उत्तरेत हिवाळी थंडाव्याने पाणी ढवळले जाऊन वनस्पतिप्लवकांचे उत्पादन वाढते. दोन मोसमांच्या मधल्या काळात ते बरेच घटते. प्राणिप्लवकांचे वस्तुमान मात्र वरच्या थरात वर्षभर फारसे बदलत नाही, असे दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील मधुप्रताप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९०च्या दशकात आढळले. डायटम नसतानाच्या काळात हे प्राणी जगतात कशावर? त्यांनी दिलेले उत्तर असे की, त्या काळात पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांवर जीवाणू, जीवाणूंवर एकपेशीय भक्षक आणि त्यांच्यावर कोपेपॉड अशी दुसरी साखळी पोषण पुरवते. या प्राण्यांच्या संख्येचा अंदाज केवळ हरितद्रव्य मोजून बांधणे का फसते, ते यातून समजते.

गेल्या दोन दशकांत याच समुद्राच्या उत्तर भागात हिवाळी बहराचे स्वरूपही बदलले आहे. पूर्वी जिथे डायटम असत तिथे आता हिरवे नॉक्टिल्युका हे मोठ्या पेशीचे डायनोफ्लॅजेलेट मोठ्या प्रमाणात दिसते, ज्याच्या पोटात हरित शैवाल सहजीवी म्हणून राहते. या बदलावर हेल्गा दो रोझारियो गोम्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये लिहिले. कारण काय यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कोपेपॉडच्या दृष्टीने मात्र हा बदल दुहेरी आहे. नॉक्टिल्युकाची पेशी बहुतेक कोपेपॉडना खाण्यासाठी फार मोठी आहे, आणि ती स्वतः कोपेपॉडची अंडी गिळते. तिला खाऊ शकणारे प्राणी म्हणजे साल्पसारखे जेलीसदृश प्राणी. बांगड्यासारखा मासा कोपेपॉडवर पोसला जातो हे ध्यानात घेतले, तर डायटम घातक की पोषक या वादापेक्षा डायटमच नाहीसे झाले तर काय, हा प्रश्न मला आपल्या किनाऱ्यासाठी अधिक गंभीर वाटतो.

सागरतळ यांना माझे एवढेच सांगणे आहे की, एड्रियाटिकमधली १२ टक्क्यांची नोंद खरी असली तरी ती एका बहराची, एका ठिकाणची आहे.

उत्तर ५ – सागरतळ

दर्यावरचा वारा यांचा आक्षेप रास्त आहे, आणि २००२ चा तो अभ्यास महत्त्वाचा आहे याबद्दल दुमत नाही. मात्र त्यात मोजले गेले ते उबण्याचे प्रमाण. २००४ मध्ये इयानोरा आणि सहकाऱ्यांनी पुढचा टप्पा तपासला: स्केलेटोनीमावर ठेवलेल्या माद्यांची जी अंडी उबली, त्यांतील नॉप्लियसचे पुढे काय होते? आईच्या आहारामुळे त्यांतले बरेच विकृत निघाले, आणि आईने व पिल्लांनी दोघांनीही तेच डायटम खाल्ले तेव्हा प्रौढावस्थेपर्यंत जवळजवळ कोणीच पोहोचले नाही. याचा अर्थ समुद्रातल्या अंड्यांचे उबण्याचे आकडे चांगले आले, तरी हानी झालीच नाही असे त्यावरून ठरत नाही.

तिसरापाळी यांच्या मांडणीला एक पुरवणी जोडतो. विष आणि उणीव हे दोन पर्याय रसायनाच्या पातळीवर इतके वेगळे नाहीत. ज्या ईपीएमुळे डायटम पौष्टिक ठरते, त्याच ईपीएपासून पेशी फुटल्यावर काही आल्डिहाइडे बनतात. म्हणजे जेवढे ईपीए या मार्गाने खर्च झाले, तेवढे मादीच्या वाट्याचे पोषणही गेले. आल्डिहाइड न बनवणारी काही कीटोसेरॉस डायटम मेदाम्लांच्या विघटनातून ऑक्सिलिपिन वर्गातील दुसरी द्रव्ये तयार करतात, आणि तीही अंड्यांना अपायकारक असल्याचे २००७ मध्ये नेपल्सच्याच गटाने सुचवले आहे. म्हणून चौथ्या गटासाठी कीटोसेरॉसपेक्षा थॅलॅसिओसिरा वेइसफ्लोगी निवडणे मला अधिक सुरक्षित वाटते.

खाडीकाठ, आपले प्रयोजन माशांच्या अळ्यांना अन्न पुरवणे हे आहे. त्या दृष्टीने मादीमागे रोज किती अंडी मिळाली हा आकडा आपल्या उपयोगाचा नाही. नॉप्लियसच्या सहा अवस्था असतात आणि अकार्टियाचा नॉप्लियस दुसऱ्या अवस्थेपासून खाऊ लागतो. पहिल्या अवस्थेत तो आईने दिलेल्या बलकावरच तगतो. म्हणून प्रत्येक गटातले नॉप्लियस निदान तिसऱ्या अवस्थेपर्यंत एकाच चांगल्या शैवालावर वाढवा आणि मादीमागे तिथवर जिवंत पोहोचलेल्यांची संख्या मोजा. पिल्लांचे अन्न सर्वत्र सारखे ठेवले, म्हणजे उरलेला फरक आईच्या आहाराचा आहे असे खात्रीने म्हणता येईल.

खाडीकाठ (प्रश्नकर्ता)

आमच्या गटांत नर होते, पण त्यांचे प्रमाण सारखे ठेवलेले नव्हते. ते आता ठेवतो, आणि जाळीच्या तळाचे दंडगोलही करून घेतो. एक शेवटची शंका: बशीत न उबलेली अंडी उरली, तर ती फलितच झाली नव्हती की गर्भ मध्येच थांबला, हे साध्या सूक्ष्मदर्शकाने ओळखता येईल का?

उत्तर ६ – भरतीरेषा

काही प्रमाणात येईल. घातल्यापासून पहिल्या काही तासांत अंडी पाहिलीत, तर फलित अंड्यात दोन, चार, आठ असे पेशींचे विभाजन स्पष्ट दिसते. अफलित अंड्यात ते दिसत नाही, आतला द्रव एकसारखा राहतो आणि पुढे आक्रसतो. विभाजन सुरू होऊन थांबलेल्या अंड्यात पेशी असमान आकाराच्या, गोळा होऊन बसलेल्या दिसतात. दोन दिवसांनंतर मात्र दोन्ही प्रकार कुजून सारखेच दिसू लागतात, म्हणून ही पाहणी त्याच दिवशी करावी. खात्री हवी असेल तर डीएनएला चिकटून चमकणारे रंजक वापरून केंद्रके मोजता येतात, पण त्यासाठी प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक लागतो. जवळच्या एखाद्या महाविद्यालयात तो असल्यास अंडी फॉर्मॅलिनमध्ये टिकवून तिथे नेता येतील. प्रत्येक गटातून थोडी अंडी अशी तपासली, तरी नरांचा मुद्दा आणि आहाराचा मुद्दा वेगळे करण्यास तेवढे पुरे आहे.